गडांना महोत्सव नको, रविवार हवा

१/
दिवाळीच्या सुटीत तुम्ही अंगणात किल्ला केला असेल. माती, दगड, गोणपाट, उतारावर पेरलेले हळीव, कुंभाराकडून आणलेले मावळे आणि सलाईनच्या नळीतून उडणारे कारंजे. महाराष्ट्रात इतिहासाचा याहून मोठा कौटुंबिक कार्यक्रम दुसरा नाही, आणि त्याला अनुदान लागत नाही की मंडप लागत नाही. या धाग्यात एकच प्रश्न विचारायचा आहे : जे अंगणात सहज घडते, ते खऱ्या गडावर का घडत नाही?

२/
किल्ला रचताना मुलाला पडणारे प्रश्न अस्सल दुर्गशास्त्राचे असतात. वाट कोणत्या अंगाने चढवायची? दरवाजा समोर ठेवायचा की आड? पाण्याची वाटी कुठे पुरली म्हणजे माती खचणार नाही? पुढे हेच मूल आईवडिलांचे बोट धरून खऱ्या गडावर जाते. तिथे त्याच्या वाट्याला येतो अक्षरे पुसट झालेला एक फलक, लिंबूसरबत, दहाबारा छायाचित्रे आणि वर्षातून एखादे दिवशी ध्वनिवर्धकांची भिंत. प्रश्न जसेच्या तसे घेऊन ते गड उतरते.

३/
म्हणून प्रथमच स्पष्ट सांगतो. आपल्या ऐतिहासिक स्थळांवरचे सार्वजनिक कार्यक्रम उत्सवाच्या हिशेबाने आखले जातात : गर्दी किती झाली, पाहुणे कोण आले, रोषणाई कशी दिसली. शिकण्याच्या हिशेबाने ते आखले जात नाहीत. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक महत्त्वाच्या गडावर दर रविवारी, वीस-पंचवीस जणांच्या गटासाठी, घरातल्या लहानथोरांनी मिळून करावा असा दोन तासांचा कार्यक्रम असावा. तो वर्षभर चालावा.

४/
ही मागणी मनात पक्की कशी झाली, ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन एका गडावर गेलो होतो. संध्याकाळच्या सोहळ्यासाठी व्यासपीठ उभे राहत होते, ध्वनियंत्रणेची चाचणी चालू होती. पाण्याच्या टाक्यापाशी थांबून तिने विचारले, “मामा, एवढं पाणी किती दिवस पुरायचं?” मला ठाऊक नव्हते. शेजारी छातीला बिल्ला लावलेले एक स्वयंसेवक होते, त्यांना विचारले. ते नम्रपणे म्हणाले, “कार्यक्रम सहा वाजता आहे, साहेब.” त्या गृहस्थांना दोष देत नाही. त्यांना जे काम दिले होते, त्यात हा प्रश्न बसतच नव्हता.

५/
आता थोडे मुळातून पाहू. गडाचा धनी कोण? राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. त्यांचा कायदा १९५८ चा. उरलेली प्राचीन स्मारके हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९६० मध्ये स्वतःचा कायदा केला आणि राज्य संरक्षित स्मारके पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या हाती दिली. म्हणजे प्रत्येक संरक्षित गडाला कायद्याने नेमलेला पालक आहे. प्रश्न पालकाने काय करावे, एवढाच उरतो.

६/
जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. पण या बारांतले साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार केंद्राच्या नव्हे, राज्याच्या संरक्षणाखाली आहेत, हे किती जणांच्या ध्यानात आले? या चार ठिकाणी काय घडावे, हे ठरवण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. तो निर्णय मुंबईत होऊ शकतो.

७/
यादीत नाव आले की कर्तव्यही येते. १९७२ च्या ज्या जागतिक वारसा करारावर ही यादी उभी आहे, तो भारताने १९७७ मध्ये स्वीकारला. त्याच्या २७ व्या कलमात सदस्य देशांवर अशी जबाबदारी टाकली आहे की, शैक्षणिक आणि माहितीपर कार्यक्रमांच्या द्वारे आपल्या जनतेच्या मनात या वारशाविषयी जाण आणि आदर वाढवावा. दगड सांभाळणे हे अर्धे काम झाले. त्या दगडाचा अर्थ पुढच्या पिढीच्या हाती देणे हे उरलेले अर्धे काम आहे, आणि तेही आपण लिखित स्वरूपात पत्करलेले आहे.

८/
काय करू नये, हे मात्र नियमांनी नेमके सांगितले आहे. केंद्रीय कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात लेखी परवानगीवाचून सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी, परिषद किंवा करमणुकीचा कार्यक्रम करता येत नाही. मान्य धार्मिक रूढीनुसार होणारे मेळावे तेवढे याला अपवाद. नियम योग्यच आहे. गर्दी आणि कंप जुन्या चुन्याच्या भिंतींना मानवत नाहीत. पण नुसत्या मनाईतून स्मारक जिवंत राहत नाही. काय नको ते लिहिले गेले, काय हवे ते कोणी लिहिले नाही.

९/
सप्टेंबर २०१९ आठवा. राज्यातले २५ किल्ले पर्यटनविकासासाठी खासगी व्यावसायिकांना दीर्घ मुदतीने देण्याचा, तिथे हॉटेले व समारंभांची सोय करण्याचा विचार असल्याची बातमी आली आणि महाराष्ट्र पेटून उठला. शिवरायांशी संबंधित गडांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो संताप रास्त होता. माझाही त्यात वाटा होता. पण गडांवर लग्ने नकोत, हे ठणकावून सांगितल्यावर तिथे काय हवे, हे आपण सांगितले का? संताप ओसरला आणि गड पुन्हा होते तसेच राहिले.

१०/
येथे कोणी म्हणेल, उत्सवाला नावे कशाला ठेवता? उत्सवानेच तर गड पुन्हा लोकांच्या मनात आले. हे अगदी खरे आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगड घेतला आणि त्यानंतर दीर्घकाळ तो उपेक्षेत पडून राहिला. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न ‘केसरी’तून उचलून धरला, आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव साजरा झाला. परकीय सत्तेच्या डोळ्यांदेखत पराधीन समाजाने आपल्या राजाचे स्मरण करायचे, हे त्या काळी धाडस होते.

११/
त्या उत्सवाला एक निश्चित हेतू होता. विसरलेल्या समाजाला आठवण करून द्यायची होती. आज शिवरायांचे नाव कोण विसरले आहे? ते वाहनांच्या काचांवर आहे, चौकाचौकांत आहे, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. आज उणीव नावाची नाही, जाणिवेची आहे. जयघोष करणाऱ्या शंभर जणांना विचारा की गडावर सबनीस कोणते काम करी आणि कारखानीस कोणते. किती उत्तरे येतील? टिळकांच्या काळचे औषध त्या काळच्या दुखण्यावर होते. दुखणे बदलले, आपण मात्र तीच मात्रा दरवर्षी वाढवीत बसलो आहोत.

१२/
गैरसमज नको. ६ जूनला किंवा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर भक्तिभावाने चढणाऱ्या माणसाविषयी मला आदरच आहे; मीही त्या गर्दीत उभा राहिलो आहे. माझा आक्षेप त्या एका दिवसावर नाही, उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांच्या रितेपणावर आहे. सारा पैसा, सारा बंदोबस्त, सारे नियोजन एका दिवसासाठी; आणि दुसऱ्या दिवशी गडावर येणाऱ्या कुटुंबासाठी एक जाणता माणूससुद्धा नाही. या विषमतेचा जाब आपण का विचारू नये?

१३/
आणि सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी गडावर काय दिसते? पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी, फाटके फलक. आता रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ काय सांगते पाहा. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या राजनीतिपर ग्रंथात गडाच्या स्वच्छतेचा स्वतंत्र विचार आहे. मार्गावर, बाजारात, तटाजवळ केरकचरा पडू देऊ नये. तो झाडून गडाखाली लोटूनही देऊ नये. जागच्या जागी जाळून त्याची राख परसात टाकावी आणि तिच्यावर घरोघरी भाजीपाला करावा, असा त्याचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या गडकऱ्याला जे कळत होते, ते आपल्या महोत्सवाच्या निविदेत कुठे दिसते?

१४/
मग कार्यक्रम कसा असावा? ‘आज्ञापत्रा’पासूनच आरंभ करू. त्यात म्हटले आहे की, गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि ती जागा तर हवीच असेल, तर खडक फोडून टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण झुंजीच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. मुलांना टाक्याच्या काठावर बसवून एवढे सांगा. समोरच्या हिरव्या पाण्याकडे ती लगेच वेगळ्या नजरेने पाहू लागतील.

१५/
पुढे त्यांच्या हाती दोरी आणि खडू द्या. समजा, टाके १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल भरले. म्हणजे १५० घनमीटर पाणी, अर्थात दीड लाख लिटर. गडावर ३०० माणसे आणि माणशी रोज ५ लिटर पाणी धरले, तर दिवसाला दीड हजार लिटर लागेल. पाणी पुरले १०० दिवस. जनावरे धरली नाहीत, बाष्पीभवन धरले नाही, स्वयंपाक जेमतेम धरला. सातवीतल्या मुलीला हे गणित येते, आजोबांनाही येते. माझ्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते.

१६/
आता या शंभर दिवसांना इतिहास जोडा. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तो मार्चपासून जुलैपर्यंत, सुमारे चार महिने चालला. शंभर दिवसांचे टाके त्याला पुरले असते का? मग पन्हाळ्यावर विहिरी किती, तळी किती, आणि अंबरखान्याची ती प्रचंड कोठारे कशासाठी, हे मुले आपण होऊन विचारू लागतात. जुलैच्या पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून का निसटले, याचे उत्तर मग केवळ शौर्याच्या कथेत राहत नाही. त्याला धान्याचे, पाण्याचे आणि काळाचे वजन येते.

१७/
दुसरा प्रयोग दरवाजापाशी. रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचा आहे : दोन बुरुजांच्या कवेत दडलेला, वळण घेतल्याखेरीज न दिसणारा. दहा मुलांनी ती वाट चालून वर यावे आणि तिघांनी आतल्या बाजूने पाहत राहावे. येणारे कोणत्या क्षणी दिसले, येणाऱ्यांना दरवाजा कोणत्या क्षणी दिसला, हे दोन्ही गटांनी सांगावे. हत्तीला धाव घ्यायला जागा का ठेवली नाही, पायऱ्या उंचसखल का, देवड्या आणि अडसर कशासाठी, हे सारे पाच मिनिटांत उलगडते. या प्रयोगाला विजेची तार लागत नाही, आणि स्मारकाला ओरखडासुद्धा येत नाही.

१८/
असे कार्यक्रम आपल्याला परके नाहीत. दर पावसाळ्यात शेकडो तरुण पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पायी चालतात. गिर्यारोहण संस्थांनी रुजवलेली ही प्रथा आहे. भर पावसात, चिखलात, अंधारात ते अंतर एकदा पायांनी मोजले की बांदलांच्या मावळ्यांनी त्या रात्री काय केले, ते शरीराला कळते. जे संस्थांना जमले, ते नियमितपणे, लहान मुलांना झेपेल अशा अंतराचे आणि घरच्यांना सोबत घेऊन करणे शासनाला का जमू नये?

१९/
पहिला आक्षेप येईल तो श्रद्धेचा. गड ही आमची तीर्थक्षेत्रे आहेत, तिथे मुलांचे खेळ कसले? मी विनयाने विचारतो : तीर्थाला गेलेला माणूस मूर्तीची कथा विचारतो की नाही? कीर्तनकार काय करतो? देवळातच, देवापुढेच उभा राहून तो कथा सांगतो, प्रश्न विचारतो, हसवतो आणि रडवतो. ज्या समाजाने देवापुढे कीर्तन उभे केले, त्याने गडावर समजावून सांगण्याला पावित्र्यभंग मानावे, हे विपरीत आहे. पावित्र्य भंगते ते तटावर नाव कोरल्याने. आणि त्या तटाचा अर्थ ज्याला कोणी सांगितला नाही, त्याचाच हात तिथे सहज चालतो.

२०/
दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आणि अधिक गंभीर आहे. असे कार्यक्रम दंतकथांचे बाजार होतील, अशी त्यांना भीती वाटते. भीती खोटी नाही. पण उपाय गप्प बसण्यात नाही, कारण आपण गप्प बसलो तरी दंतकथा काही गप्प बसत नाही. उपाय असा की सांगणाऱ्याने प्रत्येक वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : कागदपत्रात काय आहे, परंपरा काय म्हणते आणि आपला तर्क काय आहे. हिरकणीची गोष्ट जरूर सांगा, पण परंपरेची गोष्ट म्हणून सांगा. मुलांना हा भेद कळतो. मोठ्यांनाही सवयीने कळू लागेल.

२१/
याचे उत्तम उदाहरण शिवनेरीवर आहे. दरवर्षी १९ फेब्रुवारीला तिथे शासकीय सोहळा होतो, पाळणा हलवला जातो. काही मंडळी तिथीने जयंती करतात. एकाच राजाचे दोन जन्मदिवस का, हा प्रश्न प्रत्येक मुलाच्या मनात येतो आणि घरातला प्रत्येक मोठा माणूस तो टाळतो. वास्तविक या प्रश्नामागे एखाद्या रहस्यकथेइतका रंगतदार इतिहास दडलेला आहे, आणि तो सांगायला शिवनेरीच्या पायऱ्यांहून योग्य जागा नाही.

२२/
बखरींच्या आधारे १६२७ हे जन्मवर्ष दीर्घकाळ मानले जात होते. पुढे टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. परमानंदांच्या ‘शिवभारता’ने तीच तिथी दिली, आणि राजस्थानात मिळालेल्या एका जन्मकुंडलीनेही तिला बळ दिले. त्या तिथीची युरोपीय तारीख १९ फेब्रुवारी १६३०. तीही जुन्या ज्युलियन दिनगणनेची. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो! साधने कशी तोलावीत, याचा असा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

२३/
हा विचार जगात इतरत्र कसा वाढला, तेही थोडक्यात पाहू. १८५० मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने न्यूबर्ग गावातले एक जुने दगडी घर जनतेसाठी राखले. जॉर्ज वॉशिंग्टनचा तळ १७८२-८३ मध्ये तिथे होता, आणि तिथे असतानाच, त्याने राजा व्हावे अशी एका अधिकाऱ्याने पत्राने केलेली सूचना त्याने धुडकावली होती. राज्य सरकारने ऐतिहासिक स्थळ म्हणून वास्तू ताब्यात घेऊन लोकांना खुली करण्याचा तो त्या देशातला पहिला प्रसंग मानतात. आज अशा स्थळांवर कुटुंबांसाठी वर्षभराचे कार्यक्रम आखलेले असतात.

२४/
या कामाचे शास्त्र फ्रीमन टिल्डन या लेखकाने १९५७ मध्ये एका छोट्या पुस्तकात मांडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत फिरून त्याने जे निष्कर्ष काढले, त्यांतले दोन आपल्यासाठी मोलाचे आहेत. एक, स्थळाचा उलगडा करताना माहिती ओतायची नसते. पाहणाऱ्याचे कुतूहल चेतवायचे असते. दोन, मुलांसाठीचा कार्यक्रम हा मोठ्यांच्या कार्यक्रमाचा पातळ केलेला काढा असू नये. त्याची आखणीच मुळापासून वेगळी हवी. आपल्याकडे मुलांसाठी काय असते? वेशभूषा स्पर्धा आणि पारितोषिक वितरण.

२५/
पण तिथलेही डोळे मिटून उचलू नका. व्हर्जिनियातले विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातले गाव १९२६ पासून पुन्हा उभारले गेले. आज एक खासगी प्रतिष्ठान ते चालवते. जुन्या वेशातली माणसे, सुतार, लोहार, घोडागाड्या, सारे मनोहर. मात्र त्या गावातली सुमारे निम्मी माणसे मूळची गुलाम होती, आणि कित्येक दशके त्या देखाव्यात ती जवळजवळ दिसतच नव्हती. १९७९ च्या सुमारास त्यांची कथा नेटाने सांगण्यास आरंभ झाला. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा केला, तेव्हा मोठा वाद उसळला. देखणा कार्यक्रम खोटाही असू शकतो, हा त्यातला धडा.

२६/
तो धडा आपल्या गडांना लावून पाहा. आपल्या सोहळ्यांत सिंहासन असते, तलवारी असतात, मावळे असतात. ज्याने कातळ फोडला तो पाथरवट कुठे असतो? चुना मळणारा, भाते फुंकणारा लोहार, घेऱ्यात राहून रात्रीचा दिवस करणारे रामोशी, कोळी, महार, बेरड कुठे असतात? धान्य दळणाऱ्या बाया कुठे असतात? खुद्द रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. बांधणाऱ्याच्या नावाला त्या गडाने पायरी दिली. आपले महोत्सव अशा माणसांना कोणती जागा देतात?

२७/
याच मुद्द्यातून कार्यक्रम चालवावा कोणी, याचेही उत्तर निघते. गडाच्या घेऱ्यातल्या गावांत आजही तरुण मुलेमुली आहेत. कोणाची टपरी आहे, कोणी पर्यटकांचे ओझे वाहतो, बहुतेक जण पुण्यामुंबईची वाट धरतात. वाट, टाकी, झाडे आणि वारा यांना ते जितके ओळखतात, तितके आपण कोणी ओळखत नाही. त्यांना अभ्यासकांकडून पद्धतशीर शिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या आणि नियमित मानधन द्या. सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत तर आजही काही कुटुंबे राहतात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या समुद्रातल्या गोड्या विहिरींची गोष्ट त्यांच्याइतकी आपलेपणाने दुसरा कोण सांगेल?

२८/
“पैसा कुठून आणायचा?” हा शेवटचा प्रश्न नेहमीच येतो. मी उलट विचारतो : व्यासपीठ, ध्वनियंत्रणा, रोषणाई, वाहनतळ आणि पाहुण्यांची सरबराई यांना पैसा कुठून येतो? रविवारच्या कार्यक्रमाला लागतात दोन शिकवलेली माणसे, एक दोरी, थोडे खडू, नकाशाची काही पाने आणि नावनोंदणीची वही. केंद्र संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना आजही तिकीट पडत नाही. म्हणजे मुलांनी यावे, एवढे शासनाला मान्य आहे. आल्यावर त्यांच्याशी कोणी बोलावे, एवढेच मान्य व्हायचे राहिले आहे.

२९/
तुम्ही काय कराल? नुसता धागा पुढे पाठवून थांबू नका. आपल्या जवळचा गड कोणाच्या संरक्षणाखाली आहे, ते शोधा. त्या कार्यालयाला लेखी विचारा : गेल्या वर्षी इथे मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी किती कार्यक्रम झाले? १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह असतो. निदान त्या दिवसांपासून आरंभ करा, अशी मागणी करा. आणि उत्तर येईपर्यंत, शेजारच्या चार मुलांना घेऊन एखाद्या टाक्यापाशी जा. कठड्यापासून अंतर राखून, पाण्यात काही न टाकता, ते गणित करून पाहा.

३०/
त्या संध्याकाळी सोहळा सुरू होण्याआधीच आम्ही गड उतरलो. पुढच्या दिवाळीत भाचीने किल्ला केला तेव्हा पाण्याची वाटी एकच ठेवली नाही, तीन ठिकाणी तीन पुरल्या. का, म्हणून विचारले, तर म्हणाली, “एक आटली तर?” तिला हे कोणत्याही महोत्सवाने शिकवले नव्हते. टाक्यापाशी उत्तर मिळाले नाही, म्हणून घरी येऊन आम्ही दोघांनी ते पुस्तकात शोधले होते. सगळ्याच मुलांच्या घरी तसे पुस्तक नसते, आणि शोधायला मामाही नसतो. म्हणून गडावर माणूस हवा. दर रविवारी हवा.

(धागा समाप्त)